मुल्तेची जागा

“मेलंय तरी कोण?” राग्नानं दारातच विचारलं.

“कुणी मेलेलं नाही, आई. आधी आत चल. दार उघडं राहिलंय, लोकांच्या अंगावर वारं येतंय,” तूरिड म्हणाली, आणि आईच्या दंडाला धरून तिनं तिला आत घेतलं.

राग्ना आत आली, पण तिच्या मनातून काही ते गेलं नाही. हॉटेलातलं जेवण म्हणजे तिच्या लेखी दफनानंतरचं जेवण. लग्नं घरी झाली होती, मुलांच्या चर्चमधल्या दीक्षेच्या मेजवान्या घरी झाल्या होत्या, नाताळ तर घरचाच. पेडरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पुरून आल्यावर मात्र सगळे हॉटेलात बसले होते. ओले बूट, काळे कपडे आणि कुणालाच न संपणारा केक. आज कुणाचा वाढदिवसही नव्हता. ऑक्टोबरातला एक ओला मंगळवार होता. मंगळवारी कोण बाहेर जेवतं?

“सहज गं,” असं तूरिड फोनवर म्हणाली होती. “आइलिफच्या मित्रानं नवीन हॉटेल काढलंय. आपल्याकडचेच पदार्थ आहेत सगळे. तुला आवडेल.”

सहज! त्यांच्या घराण्यात कुणी कधी काही सहज केलेलं राग्नाला आठवत नव्हतं.

हॉटेल नदीकाठच्या जुन्या लाकडी कोठारात होतं. ट्रॉन्डहाइमची ही कोठारं खांबांवर उभी आहेत, खालून निड नदी वाहते. लहानपणी राग्ना इथं वडिलांना डबा घेऊन यायची. ते पिठाची पोती वाहायचे. त्यांच्या भुवया सुद्धा पांढऱ्या असायच्या, आणि आतून दोरखंड, डांबर आणि खारवलेल्या मासळीचा असा एकत्र वास यायचा की भूकच मरायची. आता वास होता तो लोण्याचा आणि बर्चच्या लाकडाच्या धुराचा. भिंतींच्या फळ्या होत्या तशाच, उघड्या, काळ्या पडलेल्या. प्रत्येक खिडकीत मेणबत्ती. खुर्च्यांवर मेंढीची कातडी अंथरलेली.

“रंग द्यायला पैसे उरले नाहीत वाटतं,” राग्ना म्हणाली.

“अगं, मुद्दामच ठेवलंय तसं.”

“मुद्दाम?” राग्नानं तो शब्द मनात जपून ठेवला. आज इथं बरंच काही मुद्दाम असणार होतं.

तिला कोपऱ्यात बसवण्यात आलं. मागं भिंत, एका बाजूला तूरिड, दुसऱ्या बाजूला आइलिफ. उठायचं झालं तर दोघांपैकी एकाला उठवावं लागणार. मेंढीचं कातडं इतकं मऊ होतं की त्यात माणूस खाली खालीच जावा. तिनं ते बाजूला सारलं आणि लाकडावर ताठ बसली.

आइलिफ हा तिचा जावई. म्हणजे लग्न केलेलं नव्हतं, नुसतेच एकत्र राहत होते. पण दुसरं म्हणायचं तरी काय? तूरिडचा पहिला नवरा निघून गेल्यावर काही वर्षांनी हा आला. दक्षिणेकडचा माणूस, गोड बोलणारा. गोड बोलण्याला राग्नाचा आक्षेप नव्हता; पण या माणसाच्या गाडीच्या मागच्या भागात पांढऱ्या झाकणाची कोरी बादली आणि गुडघ्यापर्यंतचे नवेकोरे रबरी बूट तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मासे धरायला कुणी बादली अशी झाकत नाही.

वाढायला आलेल्या मुलीनं लाकडाच्या पाटीवर पाव आणला, फेटलेलं लोणी आणलं, आणि एका दगडावर काहीतरी पांढरट, कुरळं, तळलेलं.

“हे काय गं बाई?”

“रेनडिअर खातात ना, ते दगडफूल,” मुलगी हसून म्हणाली. “डोंगरातून स्वतः गोळा करून आणतो आम्ही.”

“युद्धाच्या वेळी माझी आई हे गाईला घालायची,” राग्ना म्हणाली. “गाय मान फिरवायची.”

आइलिफ मोठ्यानं हसला. जरा जास्तच मोठ्यानं. मग त्यानं बाटली उचलली. “थोडी वाइन घ्या ना, राग्ना.”

“तू नाही घेत?”

“मी गाडी चालवणार आहे.”

म्हणजे पिणारी एकटी ती. तिनं पेल्यावर हात ठेवला. “मला पाणी चालेल.”

दगडफूल मात्र तिनं खाल्लं. कुरकुरीत होतं, वर मीठ होतं. वाईट नव्हतं, पण तसं तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मांडीवरचा रुमाल तिनं बोटांनी चाचपला. खरं तागाचं कापड, पण इस्त्री ओल्या कापडावर झालेली नव्हती. सगळं आयुष्य तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळासमोर काढलं होतं. एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी, मधून चादरी. किती माणसं त्या चादरींवर जन्मली, किती गेली, तिला ठाऊक नव्हतं. चादर तिच्याकडे यायची तेव्हा पांढरीच असायची.

“मग,” पावाला लोणी लावत आइलिफ म्हणाला, “यंदा वर मुल्ते कशी होती?”

आलं! राग्नानं सुरी खाली ठेवली.

शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचं जोडपं बसलं होतं, दोघांनी एकाच लोकरीचे स्वेटर घातलेले. आतापर्यंत ते एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. ‘मुल्ते’ शब्द कानावर पडताच त्यांचं बोलणं थांबलं. पुरुषाचा काटा बशीवरच राहिला.

“जूनमध्ये गारठा पडला,” राग्ना म्हणाली. “फुलं जळाली.”

“सगळीच?”

“आमच्याकडची तरी.”

“आणि तुमच्याकडची म्हणजे... साधारण कुठल्या बाजूला?”

“तिकडं वर,” राग्ना म्हणाली.

पुरुषाचा काटा पुन्हा चालू लागला.

दलदलीत, डासांच्या ढगात, एका देठावर एकच असं मुल्तेचं हे केशरी फळ येतं. बाजारात ते सोन्याच्या भावानं मिळतं, पण विकत घेणं म्हणजे लाजच. ज्याची त्याची जागा असते. माणसं शेजाऱ्याला घराची किल्ली देतात, आपल्या दुखण्याबद्दल सांगतात, बायकोशी पटत नाही हेसुद्धा सांगतात; मुल्तेची जागा सांगत नाहीत. राग्नाला ती सासूकडून मिळाली होती, आणि तीही लगेच नाही. लग्नानंतर कितीतरी उन्हाळे सासू एकटीच जायची, भरलेल्या बादलीवर स्वेटर पसरून परत यायची. राग्नाला दुसरं मूल झालं तेव्हा सासू इस्पितळात आली, नर्सला बाहेर जायला सांगितलं, बाळाकडे न बघता आधी राग्नाच्या कानाशी वाकली आणि कुजबुजत जागा सांगितली. त्या दिवशी राग्नाला पहिल्यांदा वाटलं की आपलं लग्न झालं.

पुढं ती पेडरबरोबर जात राहिली, मुलांना घेऊनही. पण मुलांच्या तोंडावर कोण भरवसा ठेवणार? बसमधून एक थांबा पुढं उतरायचं, तळ्याला मुद्दाम वळसा घालायचा, झाडीत दोनदा गरकन फिरवायचं, आणि मग दलदलीवर न्यायचं. मुलांना तो खेळच वाटायचा. धाकटा लेक पुढं जहाजावर गेला आणि ऑस्ट्रेलियातच राहिला. तूरिडला सांगायचं राहून गेलं. पहिल्या नवऱ्याच्या वेळी राग्नानं तोंड उघडलं नाही, ते किती शहाणपणाचं झालं! नाहीतर तो आज दुसऱ्या बाईबरोबर तिथं डबे भरत बसला असता. मग पेडर गेला. जागा आता फक्त तिच्याजवळ होती.

मासा आला. ट्राउट, बर्चच्या धुरातला, वर फरच्या झाडाचे लोणच्यातले कोंब.

“गुडघे कसे आहेत गं तुझे?” तूरिडनं विचारलं.

“गुडघ्यांना काय झालंय?”

“नाही, चालवतं का अजून? म्हणजे उंचसखल जमिनीवर वगैरे?”

“इथवर आलेच ना चालत.”

“आई, तू गाडीतून आलीस.”

“गाडीपर्यंत चालतच आले.”

तूरिड आणि आइलिफनं एकमेकांकडे बघितलं. अगदी क्षणभरच, पण रुळाच्या दुसऱ्या टोकाच्या बाईची नजर वाचत जिनं जन्म काढला, तिच्यापासून ते कसं लपणार? दोघांचं ठरलेलं होतं. एकानं गोड बोलायचं, दुसऱ्यानं काळजी दाखवायची. अर्धा मासा तिनं तसाच ठेवला. चांगला होता, त्याचाच तर राग होता.

तिला ऑगस्टातली ती सकाळ आठवली. आठवू नये म्हणून तिनं खूप केलं होतं, तरी आठवली.

ती नेहमीसारखी बसमधून उतरली होती. दुभंगलेल्या खडकापर्यंत पाय आपोआप गेले. आणि तिथं पाय थांबले. उजवीकडे झाडी होती, डावीकडे झाडी होती, पुढं तळं होतं, आणि सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिला त्यातलं काही ओळखू येत नव्हतं. जणू कुणा दुसऱ्याच्या घरात दिवा लावायला जावं आणि भिंतीवर हात फिरवत राहावं. झाडं तोडली असतील, असं ती स्वतःशी म्हणाली. पण तोडलेल्या झाडाचं एक खोड दिसेना. ती चालत राहिली. डांबरी रस्ता लागला तेव्हा ती तळ्याच्या भलत्याच बाजूला होती. रस्त्याकडेला बसलेली असताना एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला, त्यानं घरी नेऊन कॉफी पाजली आणि थांब्यावर सोडलं. बादली रिकामी होती, म्हणून तिनं तिच्यावर स्वेटर पसरला.

घरी आल्यावर गारठ्याची गोष्ट तिनं शेजारच्या ओड्नीला सांगितली. “नवल आहे,” ओड्नी म्हणाली होती. “माझ्या भावाला तर बादल्या कमी पडल्या यंदा.”

“तुम्हीच का राग्ना?”

तिनं दचकून वर बघितलं. एक धिप्पाड, दाढीवाला माणूस पोटावरच्या फडक्याला हात पुसत टेबलाशी उभा होता. हाच तो मित्र, हॉटेलचा मालक आणि आचारीही.

“कुणी सांगितलं तुला माझं नाव?”

“आइलिफनं. गेल्या नाताळात त्यानं तुमच्याकडची मुल्ते खाल्ली, तेव्हापासून डोकं खातोय माझं. म्हणतो, तसली चव कुठं नाही.”

राग्नानं जावयाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. बरोब्बर! हॉटेलवाल्याला मुल्ते हवीत, जावयाला जागा हवी, आणि लेक मधली दलाल. मेणबत्त्या, मेंढ्या, दगडफूल, सगळं त्याचसाठी.

“आणि तुला जागा हवीय,” ती म्हणाली.

आचारी दोन पावलं मागं सरकला. “छे छे! मी पार उत्तरेकडचा आहे, राग्ना. असलं काही मी विचारलं हे माझ्या आईला कळलं, तर ती मला उंबरा ओलांडू देणार नाही. मला तर तिनं तिची अजून सांगितलेली नाही.”

“किती वर्षांची आहे?”

“एक्याण्णव.”

“मग घाई काय आहे तिला!” राग्ना म्हणाली, आणि तिच्या नकळत ती हसली. या माणसावर संशय घ्यावा असं तिला फार वाटत होतं, पण जमत नव्हतं.

“आइलिफ, ये, तुला मासे धुरवायची नवी भट्टी दाखवतो,” आचारी म्हणाला. आइलिफ लगेच उठला. जरा जास्तच लगेच. दोघी मायलेकी मागं उरल्या, आणि त्या मुलीनं त्यांच्यापुढं खोलगट वाट्या ठेवल्या. घट्ट साय, पातळ कुरकुरीत वेफरचा तुकडा, आणि मधोमध कोमट केलेली, केशरी मुल्ते.

कुणीच चमचा उचलला नाही.

“आई,” तूरिड म्हणाली, “त्या शेतकऱ्याची सून माझ्या शाळेत शिकवते.”

राग्ना वाटीकडे बघत राहिली.

“तिनं मला ऑगस्टातच सांगितलं. तू रस्त्यावर बसली होतीस म्हणे. तुला तुझा पत्ताही पटकन सांगता येईना.”

“दमले होते मी.”

“हो.”

“पत्ता काय मागायचा दमलेल्या माणसाकडे?” राग्नाच्या हातातला रुमाल चुरगळला. म्हणजे हे होतं तर. प्रश्न मुल्तेचा नव्हताच; त्यापेक्षा मुल्ते परवडली असती, इतकं हे वाईट होतं. “म्हणजे सोय बघून ठेवलीत माझी. कुठला तो वृद्धाश्रम? खिडकीतून गाड्यांचा तळ दिसणारा?”

“कसली सोय? काही बघितलेलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. आइलिफला सुद्धा पूर्ण नाही सांगितलं. मला फक्त...” तूरिडचा आवाज शाळेत पोरांना दटावणाऱ्या बाईचा राहिला नाही. “तू पुन्हा एकटी जाशील. मला माहितेय तू जाशील. आणि त्या दिवशी तिकडून ट्रॅक्टर जाणार नाही. लोक मला विचारतील, कुठं शोधायचं तुझ्या आईला? तर मला सांगता येणार नाही. माझ्या स्वतःच्या आईला कुठं शोधायचं ते!”

“आता मी जाणार नाही.”

“तू दर वर्षी जातेस. मला जागा सांग. आपण दोघी जाऊ. आइलिफला मी नाही सांगणार, मेले तरी नाही.”

राग्नानं चुरगळलेला रुमाल मांडीवर सरळ केला.

“आजीनं तुला सांगितलं होतं ना? तू तर सून होतीस तिची. मी लेक आहे तुझी.” तूरिडनं चमचा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. “मला वाटायचं, लग्न झाल्यावर सांगशील. मग वाटलं, मूल झाल्यावर. मग बाबा गेले तेव्हा वाटलं, आता तरी. केस पांढरे झाले माझे. अजून तुझ्या लेखी मी परकीच. तसं असेल तर तसं सांग, म्हणजे मी परत नाही विचारणार. कधीच.”

ती रागानं बोलली असती तर राग्नाला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. लेक रुमालानं नाक पुसत होती, आणि लहानपणी बसमधून उतरताना जशी आईकडे बघायची तशी बघत होती. आज तरी वळसा न घेता नेशील का, असं.

सांगितलं नाही, तर लेक जाईल. खरं सांगितलं, तर राग्नाकडे राहील काय? तिच्याजवळ घर नव्हतं, दागिने नव्हते. भाड्याची खोली आणि तिकडं वर कुठंतरी केशरी झालेला दलदलीचा एक तुकडा. त्या तुकड्यामुळं ओड्नी तिच्याशी नमून बोलायची. त्या तुकड्यामुळं गोडबोल्या जावई तिच्या पेल्यात वाइन ओतायला बघायचा.

शेजारच्या टेबलावर पूर्ण शांतता पसरली होती. पुरुषाचा चमचा तोंडाशी येऊन थांबला होता. त्याची बायको तर सरळ खुर्ची कलती करून बसली होती.

राग्नानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग बोटानं लेकीला जवळ बोलावलं. तूरिड वाकली. तिच्या केसांना पावसाचा वास होता. राग्नानं तिच्या कानाभोवती हाताचा आडोसा केला, सासूनं केला होता अगदी तसाच.

“मला नाही आठवत गं,” ती कुजबुजली. “खडकापर्यंत जाते. पुढं काहीच नाही. तुला सांगायला माझ्याजवळ काही उरलेलंच नाही.”

तूरिड हलली नाही. आईचा हात तिच्या कानापाशी तसाच होता. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. बघणाऱ्याला वाटावं, वाट फार वळणावळणाची असणार.

मग ती सरळ झाली. डोळे पुसले. “अगं बाई!” ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत आरामात पोचला. “तिथं होय! आणि आम्ही लहानपणी तिथूनच नाचत जात होतो की!”

राग्नानं तिच्याकडे बघितलं. तूरिडनं टेबलाखालून तिचा गुडघा घट्ट दाबला.

“हळू बोल,” राग्ना म्हणाली. “भिंतीला कान असतात.”

“लक्षात राहील. खडकापासून पुढं सगळं लक्षात राहील.”

आइलिफ परत आला तेव्हा त्या दोघी मुल्ते खात होत्या. “काय चाललंय?” त्यानं विचारलं.

“आईनं मला जागा सांगितली,” तूरिड म्हणाली.

“काय सांगतेस! कुठं?”

“तुला कशाला सांगू? तू घरात नवा आहेस.”

“मला दुसरं मूल झाल्यावर सांगितलं होतं,” राग्नानं त्याला समजावलं.

“या वयात?” आइलिफ इतका हताश होऊन म्हणाला की वाढणारी मुलगी तोंडावर हात ठेवून आत पळाली.

राग्नानं वाटी चाटूनपुसून संपवली. फळं जरा लवकर तोडलेली होती, साय मात्र खरी होती.

निघताना शेजारचा पुरुष उठून उभा राहिला आणि वाट मोकळी व्हावी म्हणून त्यानं आपली खुर्ची ओढून घेतली. त्यानं मान लववली, ती तूरिडला. त्याची बायकोही तूरिडकडेच बघत होती. तिचे बूट, तिचा चेहरा, तिची दाराकडे जाणारी पावलं. राग्ना लेकीच्या मागून, भिंतीच्या कडेनं गेली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.